‘तू फक्त अभ्यास कर’ म्हणण्याआधी

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत बऱ्याच घरांत एक अलिखित करार होतो. मुलानं अभ्यास करायचा, बाकीचं सगळं आईवडिलांनी बघायचं. सकाळी उठवणं, अर्ज भरणं, डॉक्टरांची वेळ घेणं, बँकेची कामं, कपडे, वेळापत्रक, सगळं मोठ्यांकडे. ‘तू फक्त अभ्यास कर’ हे वाक्य मायेनं म्हटलेलं असतं, त्यात खोट काढायची नाही. पण पुढच्या वर्षी हेच मूल विद्यापीठात पोचतं आणि सकाळच्या तासाला त्याला जाग येत नाही, सूचना वाचायची राहून जाते, महिना संपायच्या आत पैसे संपतात आणि ताप अंगावर काढला जातो. यातल्या एकाही गोष्टीचा बुद्धीशी संबंध नाही. ती त्यानं कधी केलेलीच नसते.

विद्यापीठाची तयारी म्हटलं की आईवडील खरेदीला लागतात. चादरी, बॅग, लॅपटॉप यांवर आठवडे जातात. या वस्तू पोचल्यावर दोन दिवसांतही मिळतात. सवयी मात्र तिथे विकत मिळत नाहीत, आणि त्या लावायची योग्य वेळ म्हणजे नेमकं शाळेचं शेवटचं वर्ष, जेव्हा मुलाच्या हातात एखादं काम द्यायला आईवडील सगळ्यांत कमी राजी असतात. तरीही ते याच वर्षी द्यावं, कारण घरी असताना चूक झाली तर ती स्वस्तात पडते आणि सावरायला माणसं शेजारच्या खोलीत असतात.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. प्रवेशाचे अर्ज वडील रात्री बसून भरतात, त्यात ईमेल स्वतःचा देतात, मोबाइल नंबरही स्वतःचा देतात. मग प्रवेशानंतर संस्थेचे सगळे निरोप त्यांच्याकडे येत राहतात. मुलाला शुल्काची रसीद हवी असते, लॉगिन करताना ओटीपी वडिलांच्या फोनवर जातो, वडील मीटिंगमध्ये असतात आणि मुदत संध्याकाळी संपणार असते. हे टाळायला फार काही लागत नाही. मुलाचा स्वतःचा, पूर्ण नावाचा, गंभीर वाटेल असा ईमेल, त्याचाच मोबाइल नंबर, पासवर्ड त्याच्याकडे. मूळ कागदपत्रं एका फाइलमध्ये, प्रत्येकाची स्कॅन केलेली प्रत दोन ठिकाणी, आणि फाइलचं नाव वाचून आत काय आहे ते कळावं. सर्व कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का हे मुलानं स्वतः, एकेक अक्षर लावून तपासावं. तफावत आढळली तर दुरुस्तीला आठवडे लागू शकतात, आणि ती नेमकी प्रवेशाच्या खिडकीपाशी सापडते.

‘पण अर्ज चुकला तर वर्ष जाईल’ ही भीती रास्त आहे. म्हणून कुठली कामं पूर्ण सोडायची आणि कुठल्या कामांवर नजर ठेवायची, याची एक साधी कसोटी लावावी: चूक भरून निघणारी आहे का? दंतवैद्याची वेळ चुकली तर दुसरी मिळते, तिथे काहीच बोलू नये. अर्जाची अंतिम तारीख चुकली तर भरपाई नाही, म्हणून तिथे मुलाशी आधीच ठरवावं की अर्ज शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधी जाईल आणि तीन दिवस आधी आम्ही पोचपावतीचा क्रमांक विचारू. क्रमांक विचारायचा, अर्ज उघडून बसायचं नाही. असं केलं की चूक झालीच तर दुरुस्तीला दिवस उरतात आणि काम मुलाचंच राहतं.

काम सोपवण्याच्या पायऱ्या तीन. आधी मुलानं शेजारी बसून बघायचं. मग त्यानं करायचं आणि आपण शेजारी गप्प बसायचं. मग त्यानं एकट्यानं करून फक्त निकाल सांगायचा. गाडी अडते ती दुसऱ्या पायरीवर. मूल फोनवर चाचरतं, अर्जातला रकाना चुकवतं, आणि आपला हात पुढे जातो: ‘दे इकडे, मी करतो पटकन.’ ‘पटकन’ हाच इथला खरा शत्रू. जे काम मोठ्यांना पाच मिनिटं लागतात, ते मुलाला पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागणार हे धरूनच वेळ काढावा. घाईच्या दिवशी काम सोपवायला जाऊच नये.

झोपेचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण पहिल्या सत्रातली कितीतरी गैरहजेरी इथेच सुरू होते. किशोरवयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. म्हणजे उशिरा झोपणं हा सगळाच आळस नसतो. दुसरीकडे गरज मात्र कमी होत नाही: अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननं २०१६ साली तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी रोज आठ ते दहा तास झोपेची शिफारस केली. या दोन्हींत मेळ घालायचं काम आजवर आईनं दाराशी उभं राहून केलेलं असतं. ते निदान तीन-चार महिने आधी थांबवावं. अलार्म हात पोचणार नाही इतका लांब, फोन रात्री खोलीबाहेर चार्जिंगला, उठल्याबरोबर उजेडात जाणं, आणि सुटीच्या दिवशी उठण्याची वेळ रोजच्यापेक्षा तासाभराहून जास्त न ढळू देणं. सुटीला दुपारपर्यंत झोपलं की रविवारी रात्री झोप लागत नाही आणि सोमवार बुडतो, हे चक्र मुलानं एकदा घरीच अनुभवलेलं बरं. हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा आईवडिलांमुळे. उठवणार नाही असं जाहीर होतं, आणि तिसऱ्या दिवशी चाचणी असते म्हणून ‘आजच्यापुरतं’ उठवलं जातं. मुलाला त्यातून एवढंच कळतं की अलार्म सल्ला देतो, खरं उठवायला कुणीतरी येतंच.

आता अभ्यास. इथे आईवडिलांना वाटतं की निदान हे तरी पक्कं झालंय. पण शाळेतला अभ्यास आणि विद्यापीठातला अभ्यास यांची रचनाच वेगळी. शाळेत रोज कुणीतरी मागे लागतं. विद्यापीठात एका विषयाला सत्रभरात दोन-तीन मुदती असतात आणि मधल्या आठवड्यांत कुणी विचारत नाही. युरोपीय श्रेयांक पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचं पंचवीस ते तीस तासांचं काम आणि पूर्ण वर्षाचे साठ श्रेयांक, म्हणजे १५०० ते १८०० तास. वर्गातले तास यातला एक भागच असतात. उरलेलं काम वेळापत्रकात छापलेलं नसतं. इतर पद्धतींतही तासांचं गणित बदलेल, पण वर्गाबाहेरचा मोठा वाटा विद्यार्थ्यानं स्वतः आखायचा हे बदलत नाही. नव्या विद्यार्थ्याला मधल्या रिकाम्या वेळा दिसतात आणि तो समजतो, सुटी आहे.

कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज तर जवळजवळ सगळ्यांचाच चुकतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३३.९ दिवसांचा अंदाज दिला होता, प्रत्यक्षात लागले ५५.५. ‘सगळं बिघडलं तर किती लागतील’ असंही विचारलं होतं. त्याचं सरासरी उत्तर ४८.६ दिवस, म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमीच पडला. ही खोड उपदेशानं जात नाही, नोंदीनं थोडी आवरते. शेवटच्या वर्षी मुलानं प्रत्येक मोठ्या कामाआधी ‘किती तास लागतील’ ते एका वहीत लिहावं आणि झाल्यावर खरे तास शेजारी लिहावेत. महिन्याभरात त्याला स्वतःचा गुणक कळतो. कुणाचा दीडपट, कुणाचा दुप्पट. पुढे सत्राच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्या विषयांच्या मुदती एका पानावर मांडून, या गुणकानं उलटी मोजणी करून कामाला सुरुवात कधी करायची ते ठरवता येतं. पान एकच हवं. पाच विषयांच्या पाच वेगळ्या याद्या केल्या की एकाच आठवड्यात येणाऱ्या तीन मुदती दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट अभ्यास घेण्याची. अनेक घरांत आई किंवा वडील पुस्तक हातात धरून प्रश्न विचारतात. यात फायदा खराच आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात एक उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर साधारण ४० टक्के भाग आठवला. एकदा वाचून मग तीन वेळा न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत अशी की पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारेच पुढे होते, म्हणून पुन्हापुन्हा वाचताना ‘येतंय’ असा भास होतो. प्रश्न विचारणारी आई विद्यापीठात बरोबर नसते, तेव्हा मूल बिनकष्टाच्या वाचनाकडे वळतं. म्हणून घरी असतानाच पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल शाईनं भरायचं, दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच करायचं, ही सवय त्याच्या हाती द्यावी. आईवडिलांनी प्रश्न विचारण्याऐवजी ‘आज स्वतःचं काय काय तपासलंस?’ एवढंच विचारावं.

पैशांची सोपवणूक टप्प्यानं करावी. आधी आठवड्याचा खर्च एकदम हातात, दोन महिन्यांनी पंधरवड्याचा, मग महिन्याचा. त्यात केवळ खाऊ-मौजेचे पैसे असले तर काहीच शिकणं होत नाही. प्रवास, फोनचा रिचार्ज, वह्या, साबण, औषधं हे सगळं त्यातूनच भागलं पाहिजे. अठरा तारखेला पैसे संपले आणि वडिलांनी निमूट आणखी दिले तर महिना अठरा दिवसांचाच होतो. उसने द्यावेत, पण पुढच्या महिन्यातून वळते करून. याच्या बाहेर एक वेगळी रक्कम असावी, जिला औषधोपचार, घरी तातडीनं येणं आणि शुल्क एवढ्यासाठीच हात लावायचा. हिशोब पै-पैचा मागू नये. त्यानं मुलं खर्च लपवायला शिकतात.

फसवणुकीबद्दल मात्र स्पष्ट बोलावं, कारण नवखे विद्यार्थी हे ठगांचं आवडतं सावज. खोली प्रत्यक्ष न बघता अनामत पाठवायची नाही. पिन आणि ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही नाही. आणि एक गोष्ट आईवडिलांनाही सहसा माहीत नसते: ‘तुझ्या खात्यावर थोडे पैसे घे, पुढे पाठव, तुला कमिशन देतो’ असं म्हणणारा माणूस चोरीचे पैसे फिरवत असतो. खातं मुलाच्या नावाचं, म्हणून चौकशीही आधी त्याचीच होते.

डॉक्टरांकडे गेल्यावर ‘काय होतंय?’ हा प्रश्न सतरा वर्षांच्या मुलाला विचारला जातो आणि उत्तर आई देते. शेवटच्या वर्षात निदान दोनदा मुलानं आत एकट्यानं जावं. त्याला स्वतःचा रक्तगट, ॲलर्जी, आधीची दुखणी, चालू औषधांची नावं आणि मात्रा सांगता यायला हव्यात, आणि हे सगळं एका पानावर लिहून फोनमध्येही ठेवावं. तापाच्या गोळीबद्दल नेमकं माहीत असावं: निरोगी प्रौढाला पॅरासिटामॉल एका वेळी ५०० मिलिग्रॅम ते एक ग्रॅम, दोन मात्रांत चार ते सहा तासांचं अंतर आणि चोवीस तासांत चार ग्रॅमच्या वर नाही, वजन फार कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर ही मर्यादा डॉक्टरांना विचारून खाली आणावी. चूक होते ती अशी की सर्दीच्या तयार औषधांतही पॅरासिटामॉल असतं. मूल गोळीही घेतं आणि ते औषधही, मात्रा दुप्पट होते आणि यकृताला धोका पोचतो. म्हणून वेष्टणावरचं घटकद्रव्य वाचायला शिकवावं, नुसतं औषधाचं नाव नव्हे. उरलेली प्रतिजैविकं बरोबर देऊ नयेत. वसतिगृहात दाटीनं राहणाऱ्यांत मेंदूज्वराच्या मेनिंगोकॉकल जंतूंची लागण सहज होते, तेव्हा लसीबद्दल डॉक्टरांशी निघायच्या काही आठवडे आधी बोलावं. खूप ताप, मान ताठ होणं, उजेड सहन न होणं, काचेचा पेला दाबला तरी न विरणारं पुरळ यांपैकी काही दिसलं की सकाळची वाट बघायची नाही. पुरळ उठेपर्यंतही थांबायचं नाही.

मनाच्या आजारांबद्दल घरात बोलणं अवघड जातं, पण हे वय नेमकं त्यांच्या सुरुवातीचं. अमेरिकेत झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार झालेल्यांपैकी तीन-चतुर्थांश लोकांना तो चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झाला होता. मुलाचे आधीपासून उपचार चालू असतील तर नव्या गावात डॉक्टर कोण, हे जाण्याआधी ठरलेलं असावं. जुन्या डॉक्टरांचं पत्र आणि महिन्याभराची औषधं बरोबर हवीत. नव्या डॉक्टरांची पहिली वेळ मिळायला आठवडे लागतात आणि मधेच औषध तुटलं की जुना त्रास नेमका परीक्षेच्या सुमारास उसळतो. विद्यापीठात समुपदेशक असतो का, कुठे बसतो, हे सगळं ठीक असतानाच बघून यावं.

स्वयंपाक, कपडे धुणं यांवर फार शाई घालवायची गरज नाही. मूल ते महिन्याभरात शिकतं. एक मात्र नोंदवावंसं वाटतं: मुलींना घरकाम शिकवून बँकेच्या व्यवहारापासून लांब ठेवायचं आणि मुलांचं बरोबर उलट करायचं, ही वाटणी ज्या घरांत असते तिथून दोघंही अर्धवट तयारीनं निघतात.

मदत मागणं ही तर स्वतंत्र विद्या. शाळेत शिक्षक चेहरा बघून विचारतात, विद्यापीठात दोनशे जणांच्या वर्गात ते शक्य नसतं. प्राध्यापकांना ईमेल कसा लिहायचा हे मुलाला आधी माहीत असावं: विषयाच्या ओळीत अभ्यासक्रमाचं नाव, मजकुरात आपलं नाव आणि क्रमांक, काय अडलं ते दोन वाक्यांत, आपण काय करून पाहिलं ते एका वाक्यात, आणि नेमकी विनंती. उत्तर आलं नाही तर दोन-तीन कामाच्या दिवसांनी नम्र आठवण. मुदतवाढ मागायची तर मुदतीच्या आधी. नंतर मागितलेली मुदतवाढ म्हणजे सबब. घाबरलेलं मूल गप्प बसतं, मुदत उलटते, मग लाज वाटून ते तासालाच जाणं सोडतं. एका न लिहिलेल्या ईमेलपायी अख्खा विषय राहतो. आणि या टप्प्यावर वडिलांनी विभागात फोन केला, तर मूल पुढच्या वेळीही तेच घडण्याची वाट बघतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वजनदार आहे. शेवटच्या वर्षी एकेका गुणानं प्रवेश हुकतो, तेव्हा मुलाला बँकेत पाठवायचं का? वेळ मोजला तर उत्तर मिळतं. वर सांगितलेली कामं सगळी मिळून आठवड्याला दोन-तीन तासांच्या वर जात नाहीत, आणि त्यातला काही भाग अभ्यासाचीच पद्धत सुधारण्याचा आहे. ऐन परीक्षेचे दोन महिने नवीन काही सोपवू नये, हे मान्य. पण परीक्षा आणि विद्यापीठ यांच्यामध्ये सुटी असते, ती पूर्ण विश्रांतीत घालवायचं कारण नाही. दुसरा आक्षेप असा की ही सुखवस्तू घरांची चिंता आहे. एका अर्थी खरं आहे. ज्या मुलांनी शिकता शिकता घर सांभाळलंय, त्यांना उठणं, पैसे पुरवणं शिकवायची गरज नाही. त्या बाबतीत ती पुढेच असतात. त्यांच्या घरी कमतरता असते ती विद्यापीठाच्या रीतीभातींच्या माहितीची: प्राध्यापकांना भेटायची वेळ असते, विषय बदलता येतो, शुल्क हप्त्यानं भरता येतं का हे विचारता येतं. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी विद्यापीठात जातंय, त्या आईवडिलांकडून ही माहिती अपेक्षिणं अन्याय आहे. ती द्यायची जबाबदारी संस्थेची.

आणि संस्था काय करतात? काही जण महाविद्यालयातही पालकसभा भरवतात, हजेरीचे संदेश आईवडिलांना धाडतात. याला काळजी म्हटलं जातं. प्रत्यक्षात संस्था सज्ञान विद्यार्थ्याशी बोलायचं टाळून त्याच्या घरच्यांना पहारेकरी नेमते. हजेरी घसरली तर पहिला निरोप विद्यार्थ्याला जावा, आणि तो धमकीचा नसून ‘या दिवशी, या खोलीत, या व्यक्तीला भेट’ असा असावा. दोन आठवडे उत्तर नसेल तर माणसानं वसतिगृहात किंवा घरी जाऊन विचारपूस करावी. पहिल्याच दिवशी एक पान हातात द्यावं: शुल्काचं कुणाला विचारायचं, आजारी पडलं तर कुणाला कळवायचं, परीक्षा बुडाली तर किती दिवसांत अर्ज करायचा, छळ झाला तर तक्रार कुठे. हे एक पान चार तासांच्या स्वागत समारंभापेक्षा उपयोगी पडेल.

मूल गेल्यानंतर फोन किती वेळा करायचा हे निघण्याआधी दोघांनी मिळून ठरवावं. आठवड्यातून एक निवांत, ठरलेल्या वेळेचा फोन आणि मधे दोन ओळींचे निरोप, एवढं बहुतेकांना पुरतं. लोकेशन दिसत राहावं की नाही, हेही त्याला विचारून ठरवावं. पहिल्या सत्रापुरतं चालू ठेवून मग बंद करायचं असं ठरवता येईल, चोरून मात्र कधीच नाही. पहिले काही आठवडे रडवेला फोन येईल. तेव्हा आधी विचारावं, ‘तुला नुसतं बोलायचंय की मी काही करायला हवंय?’ बहुतेकदा बोलायचंच असतं, आणि आपण रात्रभर तळमळत परतीच्या तिकिटाचा विचार करत असताना मूल मित्रांबरोबर जेवायला गेलेलं असतं.

थेट मधे पडायचे प्रसंगही आहेत. जिवाचा धोका, स्वतःला इजा करण्याची भाषा, छळ किंवा मारहाण, दोन दिवस कुठल्याच मार्गानं संपर्क न होणं. अशा वेळी स्वावलंबनाची चर्चा बाजूला ठेवून लगेच फोन करावा किंवा गाडी धरावी. त्यासाठी वसतिगृहाच्या प्रमुखांचा, एका खोलीसोबत्याचा आणि संस्थेच्या आपत्कालीन कक्षाचा नंबर आईवडिलांकडे असावा. हे नंबर मुलाच्या देखत, त्याच्याकडूनच घ्यावेत आणि कुठल्या प्रसंगी वापरू तेही त्याच वेळी सांगून ठेवावं.